षड्जावरची केशरी रेघ

गाता गाता डोळे मिटणारं माणूस समोरच्यांवर फार विश्वास टाकतं. आपण कसे दिसतो याची त्याला पर्वा नसते. लोक ऐकताहेत, एवढं त्याला पुरतं.

माझं उलट आहे. कॉलेजात सुटलेला ब्रश पन्नाशीनंतर पुन्हा हातात धरला आणि लगेच मला प्रेक्षक हवे झाले. बायको गाणारी. मग मी टूम काढली की घरच्या बैठकीत तिने गावं आणि शेजारी उभं राहून मी ते गाणं रंगवावं.

परवा तो प्रयोग झाला. मी रेशमी कुर्ता घातला होता. यमन रागात एकेक सूर जोडत ती वरच्या षड्जाला, वरच्या 'सा'ला पोचली, डोळे मिटून त्यावर स्थिरावली, आणि नेमका तेव्हाच मी हात उंच नेऊन कागदभर केशरी रेघ ओढली. मंडळी माझ्याकडे बघून "वा, क्या बात है" म्हणाली. तिने डोळे उघडले, तेव्हा मी कमरेत वाकून दाद स्वीकारत होतो.

पाहुणे गेल्यावर कपबशा गोळा करताना ती म्हणाली, "रेघ छान होती हो. पण माझा सा अजून चालू होता."

चित्राचं बरं असतं, ते उद्याही बघता येतं. सूर लागलेला असतो तेवढ्यात ऐकला नाही, तर गेला. फार लाज वाटली. आणि ती वाटत असतानाही मी बघत होतो ते त्या रेघेकडेच.