कुणीच न झोपलेला पलंग

रशियाला जायचं माझ्या डोक्यात होतं. माझ्या नवऱ्याला, नितीनला, सुट्टीत फक्त झोपायचं होतं. तो बहारीनमध्ये, सलमाबादच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे, कित्येक वर्षं कायमची नाइट शिफ्ट. मी मनामात अकाउंटंट. मी ऑफिसला निघायचे तेव्हा तो घरी यायचा. कंपनीने आणखी दोन वर्षं तीच शिफ्ट देऊ केली होती आणि परतल्यावर त्याला उत्तर द्यायचं होतं. तो हो म्हणणार हे मला ठाऊक होतं. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आम्ही दुबईला विमान बदललं. आपली बँक कार्डं तिकडे चालत नाहीत, डॉलर रोख न्या. सेंट पीटर्सबर्गहून पावलोव्स्कला साधी ट्रेन जाते आणि स्टेशनसमोरच तिथल्या महालाच्या बागेचं फाटक आहे. बागेचं तिकीट वेगळं, महालाचं वेगळं. शाकाहारी असाल तर कोबी नाहीतर बटाटा भरलेले पाव मिळतात, गरम असतील तर छान लागतात.

बाग कसली, जंगलच ते, पण राजघराण्याने आखून लावलेलं. बर्चची पांढरी झाडं, मधून नदी, छोटे पूल, दाण्यांसाठी पायाशी येणाऱ्या खारी. बहारीनच्या उन्हाळ्यातून आलेलो आम्ही, ती गार हवा लागली आणि महालाजवळच्या बाकावर नितीनने बसकण मारली.

"तू पुढे हो. मी आलोच."

मी तिकिटं काढून आले तोवर तो गाढ झोपला होता. एक खार बुटावरून गेली तरी हलला नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. इतक्या लांब येऊन झोपा काढायच्या? पण उठवायला हात पुढे होईना.

एकटीच आत गेले. दारात बुटांवर चढवायला प्लास्टिकच्या पिशव्या देतात. दालनामागून दालन, पुतळे, सोनेरी खुर्च्या, रेशमी भिंती. पायांचे तुकडे पडले. दिल्लीच्या एका ग्रुपच्या गाइडमागे मी नुसती चालत होते. सम्राज्ञीच्या शयनगृहात छत असलेला सोनेरी पलंग होता. गाइड म्हणाली, हा फक्त दाखवण्यापुरता, यावर कधीच कुणी झोपलं नाही.

"लो जी! इतना बड़ा पलंग, और सोया कोई नहीं?" ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या.

सगळे हसले. मला हसू येईना. तुबलीच्या फ्लॅटमध्ये आमचाही डबल बेड आहे, हौसेने घेतलेला. सुट्टी सोडली तर त्यावर एक तर तो असायचा, नाहीतर मी. उरलेली दालनं न बघताच मी बाहेर आले.

नितीन डोळे चोळत बसला होता. "महाल राहिला ना माझा? चल, जाऊ."

"राहू दे महाल. मला आणखी दोन वर्षं अशी नकोत, नितीन. तू रात्री घरी हवास."

त्याने बाकावर सरकून मला जागा केली. "पगार कमी होईल."

"होऊ दे."

"बरं. मग नाइट शिफ्ट खलास."

परतल्यावर त्याने कंपनीला खरंच नकार दिला. मॅनेजरचं "इंशाल्ला, इंशाल्ला" बरेच दिवस ऐकून शेवटी दिवसाची शिफ्ट मिळाली. मित्र विचारतात, महाल कसा होता रे? तो म्हणतो, "बाक छान होता."

आता तो रात्री घरी असतो. इतका घोरतो की माझीच झोप होत नाही, दिवसभर ऑफिसात जांभया देत असते. त्या बाकावर उठवलं नाही, तसं इथेही उठवत नाही.