प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सीट मिळेल का?

पनवेलकर पालकांनो, आज सकाळी लेकीला घेऊन सुकापूरकडची एक शाळा बघून आलो. ही तिसरी. माझी स्वरा सात वर्षांची. आधीच्या दोन्ही शाळांनी "हुशार आहे हो, पण वर्गात फार प्रश्न विचारेल," म्हणत आम्हाला वाटेला लावलं.

आज मला बाहेर बसवून तिला केबिनमध्ये नेलं. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आणि माझे कान दुकानदाराचे!

"तीनातून पाच जात नाहीत ना, बाळा?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"जातात की! उणे दोन. आमच्या लिफ्टमध्ये पार्किंग उणे एकला आहे, त्याच्याही खाली."

मग मुख्याध्यापिका कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "ही आली तर रोज तयारी करून यावं लागेल हं!"

बाहेर येऊन मला म्हणाल्या, "सॉरी, सीट भरल्या."

मी म्हटलं, "मॅडम, माझं टाइल्सचं दुकान आहे. चोखंदळ गिऱ्हाईक आलं की मी शटर ओढत नाही, चांगला माल मागवतो."

त्यांच्या मागून केबिनमधून दुसरीच्या वर्गशिक्षिका आल्या, अगदी तरुण. हसत म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वर्गात द्या ना तिला. मी करीन तयारी."

भरलेल्या सीटमधून एक सीट निघाली. सोमवारी ॲडमिशन!

इतके दिवस मी मैदान, बस आणि कॉम्प्युटर रूम बघत फिरत होतो. तुम्ही शाळा ठरवताना वर्गावर शिकवणाऱ्या बाईंशी बोलला होतात का?