माझे साडू आणि सत्तावीस लॉगिनं

दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला काढणारी माणसं महाराष्ट्रात लाखांनी असतील, पण दुसऱ्याच्या लॉगिनसमोर बूट काढणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही दोघंही नोकरीला आहोत. मी तपासणी विभागात, आणि तेही साडूंच्याच शब्दावर चिकटलेला. तिथे मशिनांच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे. तीत एकच संगणक आणि त्यावर तीन शिफ्टमधल्या सत्तावीस जणांची सत्तावीस लॉगिनं. किती नग झाले, किती बाद झाले, हे ज्याने त्याने आपल्या नावाने उघडून भरायचं. नव्या माणसाचं लॉगिन बनवायचं, पासवर्ड विसरलेल्याला दुसरा द्यायचा, सोडून गेलेल्याचं नाव पुसायचं, हे काम साडूंकडे. कंपनीच्या लेखी ते रोजचं अर्ध्या तासाचं काम. साडूंच्या लेखी तो संसार होता. खुर्चीवर बसण्याआधी ते सेफ्टी शूज काढून बाजूला ठेवत. सेफ्टी ऑफिसरने दोनदा मेमो दिला. तेव्हापासून बूट पायातच ठेवतात, पण नाड्या सोडून बसतात.

साडू मूळचे उदगीरकडचे. बोलणं सावकाश, आणि दोन वाक्यांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल एवढी जागा. नवा ऑपरेटर आला की ते त्याला स्टुलावर बसवत आणि विचारत, "पासवर्ड काय ठेवतूस?" पोरगेलासा गडी लाजत बायकोचं नाव सांगू लागला की साडू डोळे मिटून हात वर करत. "सांगू नको कुणाला. अन् बायकोचं नाव तर नकोच. भांडण झालं की बोटं अडखळतेत. जे आठवावं लागत नाय, तसलं कायतरी ठेव." झालं! तो गडी विचारात पडायचा. दोन-दोन वर्षं गावाकडे न गेलेली माणसं त्या काचेच्या खोलीत बसून विहीर, बैल, शाळेचे मास्तर असं काय काय आठवत बसायची, आणि बाहेर फोरमन बंद मशिनकडे बोट दाखवून ओरडत असायचा. माणूस पासवर्ड टाइप करू लागला की साडू भिंतीकडे तोंड करून उभे राहत. एकदा असे उभे राहिले ते तिथल्या जुन्या कॅलेंडरवरच्या समुद्रात इतके हरवले, की पहिला गडी जाऊन दुसरा येऊन बसला तरी यांना पत्ता नाही.

प्रत्येकाचं लॉगिन उघडलं की त्याच्या आवडीचं चित्र दिसलं पाहिजे, हा त्यांचा आणखी एक हट्ट. कुणाला कोकणातली खाडी, कुणाला शाळेचं फाटक. निघोज्याचेच एक जुने शेतकरी आमच्याकडे गेटचं रजिस्टर सांभाळायचे, तेही रोज येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या संगणकात भरत. ते म्हणाले, "आमाला देवाचं चित्र नगं. आमचं वावर दाखवा."

"कुठं हाय वावर?" साडूंनी विचारलं.

"ह्येच की! आपुन बसलोय न्हाई का, त्येच."

साडूंनी आठ दिवस त्यांचा पिच्छा पुरवला आणि त्यांच्या घरच्या लग्नाच्या अल्बममधून एक फोटो मिळवला. वरातीच्या मागे थोडीशी ज्वारी दिसत होती, तेवढीच कापून मोठी केली. पडदा उजळला तेव्हा म्हातारबुवा नुसतं पागोटं सारखं करत राहिले. तेव्हापासून साडू मशिनांच्या ओळींमधून चालताना बांधावरून चालल्यासारखे जपून पाय टाकतात.

चिंचवडला त्यांच्या घरीही हाच कारभार. घरच्या एकुलत्या संगणकावर चार माणसांची चार लॉगिनं. माझी मेव्हणी एकदा भाजणीचं प्रमाण बघायला बसली, पासवर्ड विसरली, आणि साडू कामावरून येईपर्यंत धान्य तसंच परातीत पडून राहिलं. "वीस वर्षं संसार केला," ती मला म्हणाली, "पण ह्यांच्या संगणकात मी अजून पाहुणीच!"

आता खरी गोष्ट. आमच्याकडे कंत्राटी माणसांना सात महिने झाले की ब्रेक देतात. दोन-तीन महिने घरी बसायचं, मग पुन्हा बोलावणं. पण हेड ऑफिसचा नियम असा, की साठ दिवस जे लॉगिन उघडलं नाही ते आपोआप पुसलं जातं. परत आलेल्याचं नाव संगणकात असेल तर तो सरळ आपल्या जुन्या मशिनवर जातो. नसेल तर तो नवा माणूस. पुन्हा फॉर्म, पुन्हा ट्रेनिंग, आणि मशिनऐवजी सुट्या भागांच्या कडा घासायचं टेबल. साडूंच्या गावाकडचा बालाजी ब्रेकवर निघाला तेव्हा त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "भाऊ, माझं मशीन जाईल का ओ?" त्या मशिनवर हात बसवायला त्याला दोन वर्षं लागली होती. साडू म्हणाले, "तू जा बिनघोर."

आणि मग, दुसऱ्याचं लॉगिन उघडू नये म्हणून आयुष्यभर आमचं डोकं खाणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांची लॉगिनं उघडायला सुरुवात केली. ब्रेकवर सातजण होते. साडूंनी फोन करून एकेकाचा पासवर्ड मागून घेतला, आणि तो ऐकताना म्हणे त्यांना रडू आलं. पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी, मशिनं गार असताना, बाहेर इंद्रायणीकडून आलेलं धुकं काचेला टेकलेलं असताना, ते एकटे त्या खोलीत बसत. बालाजीचं नाव उघडायचं, त्याच्या गावचं तळं क्षणभर पाहायचं, बंद करायचं. मग दुसरा. मी एकदा लवकर गेलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला आणि हाक न मारता मागे फिरलो. इतका सुखी माणूस मी कंपनीच्या आवारात पाहिलेला नाही.

हेड ऑफिसच्या एक मॅडम तपासणीला आल्या तेव्हा सगळं उघड झालं. "हा माणूस गेटच्या आत नाही, आणि याचं लॉगिन रोज सकाळी उघडतं. कोण करतं हे?"

"मीच करायलो, मॅडम."

"का?"

"बंद घराला वाळवी लागती. मी नुस्ता खिडकी उघडतो."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसऱ्याच्या नावाने आत जाणं कंपनीत गुन्हा आहे, एवढं म्हणाल्या. साडूंनी मान डोलवली, कारण हे वाक्य त्यांचंच होतं. त्यांना ताकीदपत्र मिळालं, लॉगिनचं काम काढून घेतलं गेलं, आणि सातही नावं त्याच दुपारी पुसायची ठरली. साडू म्हणाले, "एकडाव मी बघू का?" मॅडमनी मोबाइल काढला आणि काचेबाहेर बघत राहिल्या. साडूंनी सातही लॉगिनं उघडली, पाहिली, मिटली. बालाजीच्या तळ्यापाशी जरा जास्त थांबले.

महिन्याभराने बालाजी परत आला. गेटवर नाव सापडेना, तेव्हा हेड ऑफिसने फोनवरून नवं लॉगिन दिलं. त्याच्या मशिनवर एव्हाना दुसराच कोणी होता. बालाजीला घासायच्या टेबलावर बसवलं. दुपारी नग भरायला तो काचेच्या खोलीत आला, तेव्हा साडू आणि मी तिथेच होतो. पडदा कोरा निळा होता. त्यावरचं नाव त्याने बोट ठेवून वाचलं. पुसलेलं नाव पुन्हा वापरता येत नाही, म्हणून संगणकाने पुढे आकडा लावला होता.

"भाऊ," तो साडूंना म्हणाला, "ह्यात मी बालाजी दोन झालोय. मंग पयला कुठं गेला?"

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि साडूंकडे बघवेना. त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग उठले, बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पयला मला तोंडपाठ हाय," म्हणाले. "चल, आधी जेवून घे."