स्पाइव्हीबाईंचं पहिलं नाव

व्ही. ई. स्पाइव्ही. शाळेच्या दारावर एवढंच, चर्चच्या पाटीवर एवढंच, विजेच्या बिलावरही एवढंच. यातल्या 'व्ही'चा अर्थ आमच्या हॅडली क्रीकमध्ये कोणाला ठाऊक असेल तर शपथ! वीज कंपनीचं एक गोरं पोरगं एकदा दारात उभं राहून विचारायला लागलं, "व्ही म्हणजे काय गं?"

"व्ही म्हणजे व्ही."

"आणि ई?"

"तो व्हीच्या नंतर येतो," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पोरगं डोकं खाजवत गेलं.

हा काही शिष्टपणा नव्हता. जॉर्जियातल्या गोऱ्यांना काळ्या बाईला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणायचं म्हटलं की जणू जीभ झडायची. सत्तरीची म्हातारी असो, तिला नुसत्या नावानं हाक. बाईंची आई कॅली लोकांची धुणी धुवायची. जिनं ज्यांची दुपटी धुतली, ती पोरं मिसरूड फुटायच्या आत तिला "ए कॅली" म्हणायला लागली, आणि तिनं मात्र त्यांना पाळण्यात असल्यापासून 'मिस्टर' म्हणायचं. म्हणून आमच्यातल्या शिकलेल्या लोकांनी एक तोड काढली होती. नावच सांगायचं नाही, नुसती अक्षरं सांगायची. काही बापांनी तर पोराचं नावच 'मेजर' ठेवलं, म्हणजे नुसत्या नावानं हाक मारली तरी मान द्यावाच लागे! स्पाइव्हीबाईंनी कॉलेजात पाऊल टाकलं त्याच दिवशी, तोवर फक्त घरातच घेतलं जाणारं आपलं पहिलं नाव मिटवून टाकलं. आता गोऱ्यानं एक तर 'मिस स्पाइव्ही' म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. बहुतेक गप्प बसत.

पुढे बाईंना आणखी शिकायचं होतं. राज्याच्या विद्यापीठात काळ्यांना दार बंद. पण एखादी काळी बाई फारच हट्टाला पेटली, तर सरकार तिला उत्तरेत शिकायला खर्च द्यायचं, म्हणजे ब्याद परस्पर टळायची. ब्याद तर ब्याद! बाई दर उन्हाळ्यात शाळा सुटली की न्यूयॉर्कची गाडी धरायच्या. गाडीतल्या जेवणाच्या डब्यात आम्हाला कोण बसू देणार, म्हणून बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी बरोबर. आधी एम.ए. केलं, मग डॉक्टरेट. कापूस वेचायच्या दिवसांत ज्या पोरांची शाळा बुडते, त्यांचं वाचन कसं भरून काढायचं, यावर प्रबंध लिहिला. आता हा विषय न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांना कुठून ठाऊक असणार? तेच बाईंना प्रश्न विचारत बसले म्हणे.

बाई डॉक्टर होऊन परत आल्या, तेव्हा चर्चमध्ये मोठं जेवण झालं. ओडेसा किम्ब्रो, दर रविवारी पांढरे हातमोजे घालून दाराशी उभी राहणारी, लोकांना बाकावर नेऊन बसवणारी, ती तर हातमोजे हवेत फडकवून ओरडली, "आता बोला म्हणावं! मेल्यांनो, आता 'डॉक्टर' म्हणा!" आणि खरंच, अख्ख्या जिल्ह्यात, काळ्यांत नाही आणि गोऱ्यांतही नाही, औषध देणारे आणि दात उपटणारे सोडले तर दुसरा डॉक्टर नव्हता.

बाई मुख्याध्यापक होत्या ती सायप्रस ग्रोव्ह शाळा म्हणजे गळकं छप्पर आणि गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं. त्याच शाळेतून बाहेर पडलेली एक पोरगी आज नॅशव्हिलला कॉलेजात गणित शिकवते, दुसरी ओहायोत प्राचार्य आहे, आणि शिक्षिका किती झाल्या ते विचारूच नका. ओडेसाची लेक अर्नेस्टाइन त्यातलीच. ती तर बाईंच्याच हाताखाली पहिलीला शिकवायची. बाईंना स्वतःचं मूलबाळ नाही, पण "माझी पोरगी" म्हणताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची की बघत राहावं.

आणि एक होता थर्स्टन गेन्स. आई लवकर गेली, बाप शिकागोला गेला तो गेलाच. बाईंनी त्याला आपल्या ओसरीवर अभ्यासाला बसवला, कॉलेजात पाठवला आणि परत आला तेव्हा गणित शिकवायला शाळेत घेतला. कॅलीआजी शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तिला उचलायला-बसवायला हाच यायचा. त्या तापात म्हातारीनं लेकीला पाळण्यातल्या नावानं हाक मारली, "वश्ती! वश्ती, इकडे ये गं." बायबलातली ती राणी. भर दरबारात राजानं बोलावलं आणि जी गेली नाही, ती.

बाईंनी थर्स्टनकडे पाहिलं. थर्स्टन म्हणाला, "मी काहीच ऐकलं नाही, बाई." त्या दिवसापासून तो त्यांचा पोटचा झाला.

एकोणीसशे सत्तर साली कोर्टाचा हुकूम आला, की नव्या सत्रापासून काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करा. ऐकून आनंद व्हावा, तर आमच्या लोकांची झोप उडाली. कारण शेजारच्या जिल्ह्यात एक झाल्या म्हणजे काय झालं? काळ्यांची शाळा बंद, निम्मे शिक्षक घरी, आणि मुख्याध्यापक बसगाड्यांच्या देखरेखीला! म्हणून पालकांनी अटलांटाहून वकील बोलावला. न्यायाधीशांपुढे आधीच मागायचं, की आमच्या बाई आणि आमचे शिक्षक हलवायचे नाहीत. सुनावणीची तारीखही पडली.

आणि एके संध्याकाळी थर्स्टन बाईंच्या ओसरीवर आला. गोड थंड चहाचा पेला हातात धरून म्हणाला, "बाई, शिक्षणाधिकारी प्रुइटनं शब्द दिलाय. एकत्र होणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापक तुम्हीच."

"मी? गोऱ्यांच्या त्या विटांच्या शाळेत?"

"तुम्हीच. फक्त त्या वकिलाला आवरा. कोर्टात खेचलं तर शाळांचं बोर्ड बिथरेल म्हणतो."

"तो माझ्याकडे का आला नाही रे?"

"त्याला निवडून देणाऱ्या गोऱ्यांना आधी कळलं तर त्याची खुर्ची जाईल ना! माझ्यासमोर बसून सांगितलं त्यानं, बाई. मी तुम्हाला खोटं सांगेन का?"

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर बाईंनी त्याला दारातूनच पिटाळलं असतं. पण हा थर्स्टन. आणि खरं सांगायचं तर बाईंना ते हवंही होतं. जिथे कॅलीनं धुण्याची गाठोडी मागच्या दारानं नेली, त्या शाळेच्या पुढच्या दारात सकाळी उभं राहून पोरांना आत घ्यायचं. साठीच्या बाईला एवढी आस लागावी? लागली. आस माणसाला आंधळं करते, मग तो डॉक्टर असो की धोबीण.

रविवारी चर्चमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वकिलाला थांबवा. ओडेसानं तिथल्या तिथे विचारलं, "बाई, गोऱ्याच्या शब्दावर? माझ्या अर्नेस्टाइनची नोकरी आहे यात."

"त्याचा शब्द म्हणून घेऊ नकोस, ओडेसा. माझा म्हणून घे."

"मग झालं तर," ओडेसा म्हणाली. "तुमचा शब्द म्हणजे देवाला साक्ष." चारी बाजूंनी "आमेन" आलं, आणि वकील परत गेला. सुनावणीची तारीख निघून गेली.

ऑगस्टात बाईंना बोर्डाच्या ऑफिसात बोलावलं. बाईंनी निळा पोशाख घातला, वर टोपी, हातमोजे. प्रुइट खुर्चीतून उठला नाही. पाय लांब करून म्हणाला, "ये, वश्ती. बस."

पुढचं सगळं बाईंनी ऐकलं खरं, पण लांबून कुठूनतरी. मुख्याध्यापक म्हणून गोऱ्या शाळेचा फुटबॉल शिकवणारा. आयत्या बिळावर नागोबा! उपमुख्याध्यापक थर्स्टन गेन्स. सायप्रस ग्रोव्हच्या निम्म्या शिक्षकांची गरज नाही, अर्नेस्टाइन किम्ब्रोचीही नाही. आणि वश्तीनं तळघरात पुस्तकांची खोली सांभाळावी, पगार तोच. "नाराज नाहीस ना, वश्ती?" बाईंच्या डोक्यात एकच घण बसत होता. हे नाव जाणणारी आई मातीत गेली, भाऊ डेट्रॉइटला वारला. राहिलं कोण?

त्या तशाच टोपीनिशी थर्स्टनच्या घरी गेल्या. त्याची बायको लेनोरा पीचची खीर भांड्यात काढत होती. बाईंचा चेहरा बघून ती भांडं तसंच ठेवून अंगणात गेली.

"नाव तू सांगितलंस?"

थर्स्टननं मान खाली घातली. "त्यानं मला खुर्ची दिली, बाई. स्वतःच्या हातानं कॉफी ओतली. मला 'मिस्टर गेन्स' म्हणाला. जन्मात पहिल्यांदा कोणी गोरा मला मिस्टर म्हणाला! मग हसत विचारलं, 'त्या म्हातारीचं व्ही म्हणजे काय हो?' आणि... तोंडातून गेलं."

"तुला मिस्टर म्हणाला, म्हणून तू माझं मिस काढून दिलंस!"

"बाई..."

"आणि मुख्याध्यापकाचा शब्द? तो तरी दिला होता का?"

 बाईंनी टेबलावर हात आपटला. "बोल, मेल्या! मूग गिळून बसू नकोस!"

"'तिची सोय लावू' एवढंच म्हणाला होता. मला वाटलं... वकील गेला की तो ऐकेल माझं. मी आत असलो तर हळूहळू तुमचंही..."

"म्हणजे त्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली नाहीतच. तू पुसलीस. ज्याला बोट धरून आणला, त्यानं केसानं गळा कापला." बाईंचा आवाज फुटला, मग त्यांनीच तो आवरला. "ऐक. रविवारी चर्चमध्ये तू उठून सांगायचंस. तू स्वतः. मी तुझं नाव घेतलं तर तुझ्या लेकरांना या गावात कोणी उभं करणार नाही. आणि त्या शाळेच्या ऑफिसात आपल्या पोरांच्या बाजूचा म्हणून आता उरलास कोण? तूच, आमच्या दुर्दैवानं. पण आपल्या तोंडानं सांगितलंस तर लोक एक दिवस माफ करतील."

"सांगतो, बाई. देवाशपथ सांगतो."

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. तोवर बातमी घरोघरी पोचली होती. अर्नेस्टाइनचे डोळे रडून सुजलेले. हातातले पुठ्ठ्याचे पंखे नुसते हलत होते. पाद्रीनं विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? बाईंनी थर्स्टनकडे पाहिलं. तो गाण्याचं पुस्तक मिटून त्याच्या मागच्या पुठ्ठ्याकडे बघत बसला होता. बाई थांबल्या. पाद्रीनं पुन्हा विचारलं. शेवटी बाईच उठल्या.

"मी तुम्हाला शब्द दिला होता. तो खोटा निघाला."

एरवी बाई बोलायला लागल्या की प्रत्येक वाक्याला "सांगा, बाई, सांगा" उठायचं. आज कोणाचा हुंकार नाही.

"तो निरोप मला ज्यानं आणून दिला..." बाई इथे थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या. लेनोरा मान वळवून नवऱ्याकडे बघायला लागली. थर्स्टन छताकडे बघायला लागला. तो उठत नाही, हे बाईंना कळलं, तसे त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "त्याचं नाव मी घेणार नाही. विश्वास मी ठेवला. आणि तुम्ही तो माझ्यावर ठेवलात. वकिलाला मी परत पाठवलं. आणखी एक. उद्यापासून प्रुइट मला भर रस्त्यात नुसत्या नावानं हाक मारील. त्याच्या तोंडून तुम्हाला कळण्याआधी माझ्या तोंडून कळू दे. माझं नाव वश्ती. वश्ती युनिस स्पाइव्ही."

 पुठ्ठ्याचे पंखे थांबले होते.

ओडेसा दाराशी उभी होती. दाराशी उभी राहणारी बाई प्रार्थनेत कधी बोलत नसते, तो नियमच आहे आमच्यात. तिनं एकेक बोट ओढत दोन्ही हातमोजे काढले. 'मिस' नाही, 'डॉक्टर' नाही, 'बाई'ही नाही.

"वश्ती," ती म्हणाली, "बस खाली."

बाई खाली बसल्या.