संत्र्याच्या तेलातला निळा ढग
नळीतलं द्रावण गढूळ झालं की ते बिघडलंच, हे कोणी ठरवलं? संत्र्याच्या सालीचा वास आला की पांढुर्ण्याच्या कॉलेजातली प्रात्यक्षिक परीक्षा आठवते. माझ्या मैत्रिणीने सालीचं तेल, पाणी, साबण आणि स्पिरिट मिसळून काचेसारखं स्वच्छ द्रावण केलं होतं. गरम करताना, थर वेगळे होण्याच्या जरा आधी, त्यात निळसर ढग दाटला. “बिघडलं, फेका. नापास,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. “सर, हाच ढग तर दाखवाचा होता! थंडं होऊन राहिलं, आता निवळते, थांबा न,” ती म्हणाली. ते माझ्या टेबलाकडे वळले. मी म्हटलं, “तिची नळी पाहाल, तेव्हाच माही दाखवीन.” ते चिडून थांबले. द्रावण निवळलं, तसं त्यांनी तिच्या नावापुढे लिहिलेलं ‘नापास’ खोडलं. तुमच्या शेजारच्याचं काम न पाहता कोणी निकाल देत असेल, तर तुम्हीही आपलं पुढे करू नका.