सैल सोडलेला हात

आखडलेला खांदा दाखवायला गेलो होतो. "हात सैल सोडा," असं म्हणत फिजिओथेरपीवाल्या मुलीने माझं कोपर सोडलं, तर हात तसाच हवेत. वर्गात उत्तर येत असल्यासारखा.

"काका, तो पडणार नाही हो," ती हसली. "खांद्याची वाटी बशीसारखी उथळ असते खरी. पण हात नुसता लोंबत असला की स्नायूंना फारसं काम नसतं. वरचे बंध आणि आतली हवाबंद पोकळी, एवढ्यावरच हाडाचा गोळा वाटीत जागेवर राहतो. बारीक भोक पडून आत हवा शिरली, तर मात्र खाली घसरतो."

मला खालच्या मजल्यावरचा दादा आठवला. रोज संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ अंगणात न बोलता बसायचो. कुणी कुणाला धरून ठेवलं नव्हतं. मग जिन्यातल्या गळतीवरून बोलताना मी सहज म्हणून गेलो, "तुमचं तुम्ही बघा, आमचं आम्ही बघतो." एवढंसंच भोक. तेव्हापासून दादा एकटाच बसतो आणि मी वरून त्याचं टक्कल बघतो.

घरी आल्यावर हे सगळं मी बायकोला मोठ्या तत्त्वज्ञाच्या थाटात ऐकवलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "भावजी रोज मला विचारतात, त्याचा खांदा कसा आहे म्हणून. उद्यापासून मी नाही सांगायची, तुम्हीच खाली जाऊन सांगा."