कट्ट्यावरचा ग्लास

मी चित्रकलेचा मास्तर. फळ्यावर एका दमात गोल काढायचा आणि पोरांनी "ओऽ" करायचं, एवढीच माझी मिजास. डिप्रेशनवर सुरू झालेल्या गोळीनं नेमकी तीच काढून घेतली. मन जरा वर आलं, नाही म्हणत नाही. पण हात थरथरायला लागला. गोल काढायला गेलो की फळ्यावर बटाटा उमटायचा. पोरं हसली नाहीत, हे जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंना हात दाखवला. त्या म्हणाल्या, "ही गोळी तुम्हाला मानवत नाही. एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करू. दर गुरुवारी बोलायला या, रोज चाला, वाईट आलं तरी रोज चित्र काढा. नाहीच जमलं तर दुसऱ्या गोळ्या आहेत." त्या वर्षात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

माझा थोरला भाऊ सोबत होता. बाहेर येऊन म्हणाला, "बोलून कुठं रोग बरा हुतोय व्हय? मग वकील कवाच आजारी पडलं नसतं की!" मी हसलो. अंथरुणातून उठत नव्हतो तेव्हा दोन महिने दादानंच मला भरवलं होतं, त्याला काय बोलणार? गोळी पूर्ण सुटली त्या दिवशी उरलेल्या गोळ्या आणि दवाखान्याची फाईल मी त्याच्याच हातात दिली. गोळ्या टाकून दे म्हटलं.

रोज सकाळी रंकाळ्याला फेरी, मग कट्ट्यावर दूध, हा नेम दादानंच लावला. म्हशी तिथंच बांधलेल्या, गवळी समोर धार काढणार आणि ग्लास फेसासकट तोंडाला लावायचा. मी पायरीवर टेकायचो, दादा रांगेत उभा राहून दोन ग्लास आणायचा. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात भरवशाची पंधरा मिनिटं होती.

तीन महिने गेले. मन बरं होतं, हात तसाच. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग मीच अर्थ लावला. दोष गोळीचा नव्हताच, हातच गेला माझा. बोलण्यावरचा विश्वास उडाला, दोन गुरुवार बुडवले. शेवटी एका सकाळी शाळेचा राजीनामा लिहिला, तोही वेड्यावाकड्या अक्षरात.

तो खिशात घालूनच कट्ट्यावर गेलो. दादा लग्नाला गडमुडशिंगीला गेला होता, म्हणून रांगेत मीच उभा राहिलो. गवळ्यानं ग्लास पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, आज पुडी न्हाई व्हय?"

"कसली पुडी?"

"तुमचं दादा रोज तुमच्या दुधात घालत्यात की. ताकदीची."

मागचा पैलवान म्हणाला, "आमीबी इचारलं कुठनं आणता म्हणून. सांगत न्हाईत."

माझ्या पोटात काय जातं हे अख्ख्या रांगेला ठाऊक होतं, मी सोडून. तो ग्लास तसाच ठेवून मी घरी आलो. दादाच्या कपाटात माझी फाईल होती, त्याच गोळीची नवी पाकिटं होती, आणि आमचा वेलदोडे कुटायचा खलबत्ता होता.

संध्याकाळी तो आल्यावर राजीनामा आणि खलबत्ता त्याच्यापुढे ठेवला. वाचून त्यानं खलबत्ता बाजूला सारला.

"तू हसाय लागलतास रं," तो म्हणाला. "गोळी बंद झाली आन परत तसाच झालास तर? मी एकटा काय करणार हुतो?"

"मला विचारायचं होतंस."

"तू न्हाई म्हणला असतास."

म्हणजे त्यालाही कळत होतं. केसानं गळा कापला त्यानं माझा, आणि वर त्याला काळजी म्हणत होता. मी खूप ओरडलो. त्या तीन महिन्यांत मी हसलो ते माझं मी हसलो की पुडीनं, हे आता मला कोण सांगणार?

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ती गोळी पुन्हा हळूहळू सोडवली आणि दुसरी दिली. ती मी माझ्या हातानं घेतो. गुरुवार चुकवत नाही. हाताची थरथर थांबली, राजीनामा फाडला, फळ्यावर गोल येतो.

कट्ट्यावर आम्ही अजून जातो. दादा रांगेत उभा राहतो, दोन्ही ग्लास उंच धरून सगळ्यांना दिसतील असे आणतो. आजपासून त्याची परीक्षा बंद, असं मी रोज घरातून ठरवून निघतो. आणि दादानं ग्लास पुढे केला की मी म्हणतो, "आधी एक घोट तू घे."

तो घेतो, आणि मिशीचा फेस न पुसता ग्लास माझ्या हातात देतो.